विजूनं आवाज बदलला

श्रोत्याचा पाय हलला, तर विजू गाणं थांबवायचा.

म्हणजे खरोखर थांबवायचा. गिटारच्या तारांवर तळहात ठेवायचा, हलणाऱ्या पायाकडे रोखून बघायचा आणि माइकमधून म्हणायचा, "ही वरात न्हाय." पाय ओशाळून खुर्चीखाली जायचा. मग विजू पहिल्या ओळीपासून पुन्हा दुःख सुरू करायचा.

वडगावात त्याची आणि आमची भिंत एकच. विजू दिवसा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि संध्याकाळी 'उसवण' नावाचा रॉक बँड चालवतो. बँडमध्ये तिघे: गिटार घेऊन गाणारा विजू, दुसरा गिटारवाला प्रकाश आणि ड्रमवाला संजू. गाणी त्यांची स्वतःची, आणि ती ऐकल्यावर याबद्दल शंका उरत नसे. एक गाणं सुरू झालं की आमच्याकडे कुकर लागायचा, डाळ शिजायची, निवायची, तरी पलीकडे गाण्यातला नायक अजून खिडकीतच उभा असायचा. मी एकदा विजूला म्हणालो, तुझे सगळे चाहते एका रिक्षात मावतील. तो खूश झाला. "दुसरी रिक्षा लागली की समजायचं, आपण विकलो गेलो, सर."

गेल्या वर्षी हाच माणूस सिंथेसायझर घेऊन आला. त्याची गिटार खुंटीला गेली. संजूची जागा एका बटणानं घेतली; ही बातमी विजूनं त्याला "तुला आता आरामच हाय की" अशा शब्दांत दिली. भिंतीतून धम्म-धम्म येऊ लागलं आणि आमच्या फडताळातले कप एकमेकांना भेटायला निघाले. गाणं मात्र विजू अजूनही मधेच थांबवायचा. आता कुणी हलत नसेल तर.

निपाणीला एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी हे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसले होते, तंबाखूचे वयस्कर व्यापारी, मांडीवर शाल आणि नारळ. विजूनं गाणं तोडलं.

"काका, तुमी हलंना झालाय."

"गुडघा धरलाय रं बाबा."

"मग मान हलवा."

त्यांनी हलवली. मागं पोरं बेभान नाचत होती. प्रकाश तेवढा गिटार गळ्यात अडकवून, वाजवायला काही नसल्यामुळे, रुसलेल्या जावयासारखा एका कडेला उभा होता.

विजूकडे या बदलाची कारणं भरपूर होती, आणि तो ती न विचारता सांगायचा. रॉक म्हणजे "खुर्चीतला आजार". नाच म्हणजे "लोकशाही". पुढच्या आठवड्यात नाच म्हणजे "शेतीच". एकदा म्हणाला, "जो हलंना त्यो मेलाय, सर," आणि लगेच त्यानं जीभ चावली. माझी बायको जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. संध्याकाळी त्यानं घरून झुणका-भाकरी आणून दिली. आवाज काही कमी केला नाही.

निपाणीनंतर प्रकाश गिटार गळ्यात अडकवूनच माझ्याकडे आला. "सर, तुमी चला संगट. येक तर गाण्यात गिटार यील, न्हाय तर मी जातो. असंच वाजवायचं तर बँजो पार्टी काय वाईट हाय? तितं जेवान तरी मिळतंय."

"तू गेलास तर बँड कुठं उरतो?"

"त्येच इचारायला चाललोय."

प्रकाश गेला तर 'उसवण'मध्ये एक विजू आणि एक बटण राहणार होतं. म्हणून मी चप्पल घातली.

रविवारची सकाळ होती. त्यांचा सराव मागाच्या खोलीत चाले. विजूच्या वडिलांनी, आप्पांनी, जन्मभर त्या खोलीत पॉवरलूमवर साड्या विणल्या आणि त्या खडखडाटात कान घालवले. आमच्या गल्लीत असे आणखीही आहेत. गेल्या वर्षी माग विकले, तेव्हापासून आप्पा दिवसभर खाटेवर पडून असतात, अशी माझी समजूत होती.

दार उघडं होतं. आप्पा जमिनीवर बसले होते, मोठ्या स्पीकरला पाठ टेकवून, दोन्ही तळहात फरशीवर पसरून. डोळे मिटलेले. खांदे डोलत होते. विजू कीबोर्डवर जाड, खालचा सूर धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

आम्हाला पाहून त्यानं हात उचलला.

"बंद का केलास रं?" आप्पा म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं.

विजू आमच्याकडे वळला. लोकशाही नाही, शेती नाही. "गिटार त्यास्नी ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "इतकी वर्सं वाजवली, काय वाजवतोस म्हणून कधी इचारलं न्हाय. माग गेल्यापास्नं तर बोलायचंच सोडलंय. ह्ये पोचतंय."

"मग आदी सांगायचं न्हवतं व्हय?" प्रकाश म्हणाला.

"काय सांगू? बापासाठी धम्म-धम्म लावलंय म्हणून?"

"बंद का केलास?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

 प्रकाशनं गळ्यातली गिटार पाठीवर ढकलली, तो कीबोर्डजवळ गेला आणि एका बोटानं अगदी डावीकडची, सगळ्यात जाड सुराची पट्टी दाबून धरली.

विजू उठला, आप्पांच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसला आणि त्यानंही स्पीकरला पाठ टेकवली.