रहिवासाची अट

दुबईतला देरा सोडून अजमानला राहायला जायचं की नाही, हे मतदानाने ठरवू असं मी म्हटलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. (नवऱ्याने फार तर हुकूम सोडावा. तो कोणी ऐकत नाही, एवढंच होतं.)

कुंदाला अजमान हवं होतं: कमी भाडं, एक खोली जास्त, शिवाय बाल्कनी. माझी नोकरी अबुधाबीत. आठवडाभर कंपनीच्या खोलीत राहून मी शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी देऱ्याला घरी यायचो, तेव्हा आमची दर्शना जागी असायची. अजमानला जायचं म्हणजे पुढे शारजाचा ट्रॅफिक, आणि मी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली. मला ते नको होतं. दर्शनाही मैत्रिणींपायी माझ्याच बाजूने होती. पण व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाईंनी लेकीसाठी हात वर केला आणि मतं दोन-दोन झाली.

मी लगेच ठराव मांडला की मत फक्त रहिवाशालाच.

"रहिवासी म्हणजे कोण?" कुंदाने विचारलं.

सासूबाईंसमोर 'व्हिसा' शब्द काढायचा मला धीर होईना. जावई आहे म्हटल्यावर थोडी रीत पाळावी लागते. म्हणून मी म्हणालो, "जो रोज या घरात झोपतो, तो."

ठराव एकमताने पास झाला. सासूबाईंनी तर सर्वांत आधी हात वर केला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"आई आल्यापासून एक रात्र बाहेर झोपलेली नाही," कुंदा शांतपणे म्हणाली.

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. "सॉरी बाबा. बट यू स्लीप हिअर ओन्ली ऑन वीकेंड्स."

माझं मत बाद झालं. पुढच्या महिन्यात आम्ही अजमानला गेलो. म्हणजे त्या तिघी गेल्या. मी अबुधाबीतच होतो.

पहिल्या गुरुवारी ट्रॅफिकमधून कसाबसा पोचलो, तर वॉचमन लियाकतने गाडी गेटवरच अडवली. "साहब, मेहमान की गाडी बाहर."

मी इथेच राहतो, असं त्याला परोपरीने सांगितलं. मला कधी बघितल्याचं त्याला आठवेना, म्हणून त्याने वर बाल्कनीकडे बघून विचारलं. तिथे सासूबाई उभ्या होत्या. (त्यांचा व्हिसा मीच वाढवून आणला होता.)

"छोडो उनको," त्या वरून म्हणाल्या. "हमारेच पाव्हणे हैं. हर गुरुवार को आते हैं."

मी गाडी बाहेर लावली.