बखर हैबतीच्या वहाणांची

श्री. वर आभाळ साक्ष, खाली धरित्री साक्ष, आणि वाचणाऱ्याचे मन तिसरी साक्ष. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, वैशाख मासी, एका राज्यात दिल्या शब्दाचे काय जाहले ते यथामती लिहितो. संवत्सराचे नाव ऐकून निवडणुकीस उभे राहिलेल्या सरदारांनी ज्योतिषी गाठले, परंतु ते प्रकरण निराळे.

त्या राज्यात सावरटेंभी म्हणोन गाव आहे. गावची चाल ऐसी की परक्याचा शब्द गाव घेत नाही. परका काही कबूल करील तर गावातील एका माणसाने त्याचे वतीने खंडोबाचे देवळी बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, म्हणजे तो शब्द गावचा जाहला. आणि शब्द खोटा पडला तर उचलणाराने आपल्या वहाणा देवळाचे पायरीवर काढाव्या आणि दोष फिटेतों अनवाणी हिंडावे. मागील निवडणुकीस राजेश्री प्रधानजी काळ्या काचांच्या रथातून आले आणि म्हणाले, दवाखाना बांधतो, डॉक्टर रात्रंदिवस तेथेच राहील. मग हैबती गुरसाळे, ज्याचे शब्दावर गावात सोयरिकी जुळत आणि बांधाचे तंटे मिटत, तो पुढे जाहला आणि त्याने प्रधानजींचे वतीने बेलभंडार उचलला. प्रधानजी मनाचे वाईट नव्हते. बोलत असता त्यांस ते सर्व खरेच वाटत असे, आणि रथ वेशीबाहेर गेला की विसर पडे. ऐशा माणसाचा राग धरणे कठीण, आणि तेच तर राज्याचे दुखणे.

दवाखाना उभा राहिला हे कबूल केले पाहिजे. इमारत गुलाबी, वर दिव्यांचा फलक, ‘चोवीस तास सेवा’. गेल्या साली आश्विनात उद्घाटन जाहले, फीत कापली, पांढऱ्या डगल्यातील डॉक्टर प्रधानजींचे शेजारी उभे राहिले, छायाचित्रे निघाली, लोकांनी टाळ्या पिटल्या. तो डॉक्टर शहरातून दिवसापुरता मागून आणिला होता, आणि पेढे वाटून होताच त्यास मागील दाराने गाडीत घालून परत पोचविले, हे गावास ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी सांजवेळी गावातील गजराबाईची सून कौसल्या गवत कापीत होती, तीस सर्प डसला. मग टेंपो काढला आणि हैबती पुढे बसला. वेशीपाशी वाट फुटते, उजवीकडे शहर, डावीकडे ओढ्यापलीकडे दवाखाना. टेंपोवाल्याने विचारले, “कुणीकडं घेऊ?” हैबती म्हणाला, “डावीकडं घे. डाक्टर हाये तिथं, म्या शबुद उचललाय.” आणि गेले, तो दारास कुलूप, वरी फलक लखलखतो. दार बडवले, हाका मारल्या, माघारी फिरले, आणि शहराचे वाटेवरच कौसल्येचा प्राण गेला. गजराबाई रडली नाही. हैबतीस इतकेच म्हणाली, “तुज्या शब्दावर गाडी वळली रं.” आम्हांस हे लिहिताना लेखणी जड होते.

दुसरे दिवशी हैबतीने वहाणा देवळाचे पायरीवर काढिल्या. आणि तेव्हापासून उजाडले की तो ओढा ओलांडून दवाखान्याचे पायरीवर, त्या फलकाखाली जाऊन बसू लागला. कोणी आजारी घेऊन आले की उठून सांगे, “हितं कुनी न्हाई. शेराकडं जा, थांबू नगा.” गावाने मात्र त्यास काही विचारणे सोडले. सोयरिकीस स्टँपपेपर मागू लागले, शेजारी शेजाऱ्याचे दूध मापून घेऊ लागला, लेकीच्या घरी जाताना लोक कोठीस कुलूप घालू लागले. थोराचे खोटे थोरापाशी राहत नाही, उताराच्या पाण्यासारखे खाली येते आणि गरिबाच्या अंगणात साचते.

मग वैशाखात पुन्हा निवडणूक आली. प्रधानजींनी मध्यंतरी छावणी बदलली होती, सबब जुन्या छावणीत दिलेला शब्द नव्या छावणीस लागू नाही ऐसे त्यांचे कारभारी सांगत. कारभाऱ्यांनी हुकूम केला की त्या म्हाताऱ्यास फलकाखालून उठवून देवळी आणा, तेथे बरा दिसत नाही. गाव जमला, गजराबाईही खांबाशी बसली. प्रधानजी कर्ण्यावरून म्हणाले की ऐसा दवाखाना तीन परगण्यांत नाही. हे खरेच होते. ऐसा कोठेही नसावा. पुढे म्हणाले, या खेपेस डॉक्टर नक्की, आणि हैबतीकडे पाहून हसले. गुरवाने बेलभंडाराचे ताट पुढे केले.

हैबती उठला आणि हात जोडून म्हणाला, “सायेब, मागल्या बारीला तुमचा शबुद म्या उचलला, त्यो अजून खांद्यावरनं उतरला न्हाई. ह्यो दुसरा कुठं ठिवू?” आणि गावाकडे वळून म्हणाला, “माज्या सांगन्यावर कुनी मत देऊ नगा. म्या खोटा पडलोय.”

मग गुरव म्हणाला, “तर सायबांनी आपल्या हातानं उचलावा. द्येवाला परका कोन?” प्रधानजींचा हात ताटाकडे गेला, आणि भंडाऱ्याचे वर वीतभर येऊन थांबला. लहानपणी आईने त्यांसही ऐशाच देवापुढे उभे केले असेल. त्या हातास अजून भय उरले आहे हे पाहून, खरे सांगतो, आम्हांस बरे वाटले. मग त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, “आचारसंहिता लागू आहे. देवाची शपथ घेतली तर नोटीस येईल.” लोक हसले. प्रधानजीही हसले, पण रथात बसताना त्यांचा चेहरा उतरला होता. इतर गावांच्या मतांवर ते निवडून आले.

पुढे ज्येष्ठात परमुलखाची एक जीप अडलेली बाई घेऊन दवाखान्यापाशी थांबली. हैबती आडवा जाहला आणि म्हणाला, “पाटी खोटी हाय. शेराकडं जा.” बाईचा नवरा एकवार सरकारी फलक पाही, एकवार हा धुळीने भरलेला अनवाणी म्हातारा पाही, आणि वेळ चालला. तो गजराबाई चाऱ्याचा भारा घेऊन तेथे आली. तिने भारा टाकला आणि ओरडली, “त्यो सांगतोय ते खरं हाय! त्येच्या शब्दाला म्या हाय. गाडी वळव!” जीप वळली आणि शहरास वेळेत पोचली. चार दिवसांनी तो नवरा पेढे घेऊन आला. मुलगी जाहली, दोघी सुखरूप.

त्या दुपारी गजराबाई देवळी गेली, वहाणा उचलल्या, कातडे वाळून आकसले होते त्यास तेल चोळले, आणि ओढा ओलांडून हैबतीपुढे ठेविल्या. तो पाय पुढे करीना. ती म्हणाली, “घाल रं. फरशी पोळती.” आणि तोंड लपवायास पदर नसता म्हातारा बायकांसारखा रडला आणि मग त्याने वहाणा घातल्या.

तात्पर्य थोडके. प्रधानजी खुशाल आहेत. दवाखान्यास कुलूप आहे आणि फलक लागलेला आहे. हैबती पायरीवर असतो. त्या वाटेने कोणी आजारी नेत असेल तर त्याने फलक वाचू नये, म्हाताऱ्यास विचारावे.