संदेशची खरीखुरी रत्नागिरी

"गणपतीपुळं काय, कुठलाही रिक्षावाला दाखवील. मी पाहुण्यांना खरीखुरी रत्नागिरी दाखवणार," असं मांडवीतला संदेश मयेकर महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होता. एवढ्या बोलण्याच्या जोरावर गड्याने विमा कचेरीतली नोकरीसुद्धा सोडली. मुंबईच्या एका प्रवास कंपनीने त्याला कळवलं होतं, आमच्या स्वीडनच्या लिनेआबाई तुमच्या घरी दोन दिवस राहतील. त्यांना आवडलं तर हंगामात दहा ग्रुप पाठवू, नाही तर विषय संपला.

आता खरी रत्नागिरी दाखवायची तर माणूस काय करील? आहे तसा राहील. पण तेवढी अक्कल असती तर तो संदेश कसला. घरात सोफा, फ्रीज, भिंतभर टीव्ही. "हे बघायला बाई स्वीडनहून येणार होय?" असं म्हणून त्याने आदल्या रात्री सोफा, खुर्च्या, फ्रीज टेम्पोत घालून मित्राच्या गोदामात पाठवले. टीव्ही भिंतीवरून निघेना, त्याच्यावर पांढरी चादर टाकली. खाली चटया अंथरल्या. चुलीसाठी अर्धा टेम्पो लाकडं आणून दारात रचली.

"अहो, मला चूल पेटवता येत नाही. माझ्या आईलाही येत नव्हती," बायको श्रद्धा म्हणाली. पण ऐकतो कोण.

राहिले वडील, आप्पा. हाफ पँट घालून दिवसभर मोबाइलवर क्रिकेट बघणारा म्हातारा काही खऱ्या रत्नागिरीत बसेना. त्यांना पहाटेच लांज्याला लेकीकडे पिटाळलं.

सकाळी समोरच्या गंगुबाईने खिडकी उघडली. घर रिकामं, पांढरी चादर, चटया, दारात लाकडं. रोज ओटीवर दिसणारे आप्पा गायब. आणि बाजूच्या पडवीत श्रद्धा लाल डोळ्यांनी नाक पुसतेय. चुलीच्या धुराने, पण ते समोरून कुठे कळणार? गंगुबाईला आणखी काही सांगायची गरज नव्हती. पंधरा मिनिटांत आळीभर झालं.

दहाला लिनेआबाई येऊन चटईवर मांडी घालून बसल्या. पाठोपाठ गंगुबाई पिठलंभाताचं पातेलं घेऊन आली, ते खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलंभात आणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण संदेशने चार दिवस आधी आळीत सांगून ठेवलं होतं, पाहुणीसमोर जरा आपलेपणाने वागा. त्यामुळे गंगुबाई अंमळ जास्तच करतेय, एवढंच त्याला वाटलं.

"या का रडताहेत?" लिनेआबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"पाहुणा आला की आमच्या बायका आनंदाने रडतात," संदेशने ठोकून दिलं.

बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. मग आळीतली कमळा आली, आनंदीबाई आली. दोघीही रडल्या. ते बघून लिनेआबाईंना इतकं भरून आलं की त्यांनीही गळा काढला. संदेश एकटा दारात उभा राहून खूश.

"बापूस गेला आणि मेला दात काढतोय," कमळा पुटपुटली.

तेवढ्यात शेजारचा नितेश खांद्यावर बांबू आणि हातात मडकं घेऊन आला. मागून आळीतले आठ-दहा पुरुष. "भटजींना सांगितलंय. आप्पांना कुठे ठेवलंय?"

आता कुठे संदेशच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगावं, तर सोफ्याची लबाडी उघडी पडणार आणि दहा ग्रुप बुडणार.

"लांज्याला," तो कसाबसा म्हणाला.

"मग गाडी कधी येते?"

"दुपारी."

सगळे मान खाली घालून वाट बघत बसले. "आणि हे बांबू?" लिनेआबाईंनी विचारलं. "तुमच्या स्वागताचा मांडव," संदेश म्हणाला. असला निर्लज्ज माणूस.

लांज्याला लेकीच्या दाराला कुलूप होतं. म्हणून आप्पा आल्या पावली परतले आणि बाराच्या सुमारास हाफ पँटीतच रिक्षातून उतरले. घरापुढची गर्दी बघून त्यांनी मुकाट्याने चपला काढल्या आणि नितेशशेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

"आप्पा," नितेश मान वर न करता म्हणाला.

"कुठले आप्पा?"

"कुठले म्हणजे? तुम..." आणि नितेश बांबूंवर उताणा पडला.

पुढचा अर्धा तास संदेशचा आळीने जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. श्रद्धाने लिनेआबाईंना चुलीपासून चादरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. नवऱ्याची बाजू घ्यावी असं तिला एकदाही वाटलं नाही.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. बाईंनी लिहिलं होतं, घर सगळं खोटं, पण शेजारी अस्सल. एका माणसासाठी अख्खी आळी धावून येते, असं मी कुठेच पाहिलं नाही. दहा ग्रुप मंजूर. अट एकच, आळीने तस्संच धावून यायला हवं.

संदेश आप्पांना घेऊन गंगुबाईच्या दारात गेला. "मावशी, फक्त दहा वेळा."

गंगुबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आप्पा, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. आता तुम्ही खरोखर गेलात ना, तरी आळी आधी हात लावून बघणार, मग रडायचं की नाही ते ठरवणार."

आळी काही पुन्हा रडायला आली नाही आणि दहा ग्रुप हातचे गेले, त्याचं आप्पांना काहीच वाटलं नाही. पण जिवंत बापाला आणखी दहा वेळा मारायला निघालेल्या पोराशी बोलणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून टाकलं.