जळगावचा सरकारी डोंगर

सन १९८९च्या फाल्गुनात जळगावातल्या एका सरकारी खात्याला एक गाडी मिळाली, आणि खात्यापुढे गंभीर प्रश्न उभा राहिला तो असा, की ही गाडी खरोखरच चालली तर करायचं काय? खात्याचं नाव मी सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच वाटेल आणि उगाच भांडणं लागतील.

गाडी कुठल्याशा परदेशी संस्थेने दान दिलेली. उघडी, बुटकी, मोटारसायकलसारखं हँडल, जाडजूड फुगीर चाकं आणि मागे आजाऱ्याला झोपवायला पत्र्याची खाट. चारही चाकांना इंजिनाचा जोर. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आजारी माणूस खाली आणायचा, एवढंच तिचं काम. खात्याने तिचं बारसं केलं, 'सर्वचक्रचालित दुर्गमारोहण वाहन'. ड्रायव्हर तोताराम तिला बेडकी म्हणायचा.

तोताराम सावद्याचा. सरकारी नोकरीत येण्याआधी त्याने दहा वर्षं केळीचे ट्रक हाकले होते, तेही भर पावसाळ्यात, काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवरून. अशा माणसाला डोंगराची काय मातब्बरी? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने बेडकी ट्रकवर चढवली आणि सातपुड्याचा पायथा गाठला. तिथल्या उपकेंद्रावर सुमनबाई नर्स होत्या. मूळच्या धुळ्याकडच्या. लसींची पेटी खांद्याला लावून तीन तास डोंगर चढायचा आणि तीन तास उतरायचा, असा त्यांचा आठवड्याचा नेम.

"भाऊ, वर उखळपाणीना पाडाले पुनानी बायको ताईबाई शे," त्या म्हणाल्या. "तिसरा महिना शे तिले. मागना खेपले झोळीमा टाकीसन खाले आनतांना, तठेच वाटवर लेकरू गयं तिनं. औंदा गाडी येई ना?"

"येईन म्हंजे? येईनच! मी काय मेलो हाये का?" तोताराम म्हणाला आणि कामाला लागला.

आधी त्याने चाकांतली हवा कमी केली. मऊ चाक दगडाला धरतं, टणक चाक उडतं. मग चारही चाकांचा दांडा ओढला, लो गिअर टाकला, अंग पुढे झुकवलं आणि बेडकी सरळ चढाच्या तोंडावर घातली. असल्या चढावर नियम दोनच. मध्ये थांबायचं नाही आणि गाडी आडवी होऊ द्यायची नाही. एक चाक खळग्यावर लटकलं की बाकीची तीन दगड कवटाळून वर सरकत. मागे बसलेल्या सुमनबाईंनी डोळे मिटून सप्तशृंगीला नवस बोलायला सुरुवात केली, पण नवस ठरायच्या आत पाडा आला. पाऊण तास!

पाड्यावरचा पुना पुढे आला. त्याने बराच वेळ चाक चाचपून पाहिलं आणि विचारलं, "ही परत येईल?"

ज्याच्या दारात सरकार एकदाच येतं, तो दुसरं काय विचारणार?  तोतारामने पुनाच्या हातावर हात ठेवला. "तू निरोप धाड. जव्हा म्हनशीन तव्हा येतो."

आणि मग कचेरीत येऊन तोतारामने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्याने लॉगबुकात खरं लिहिलं. 'चढ फार खडा. दगड फार. चाकांची हवा सोडली. चारही चाके लावली. गाडी चढली.' इतर ड्रायव्हर अशा वेळी 'शासकीय कामानिमित्त फिरती' एवढंच लिहून मोकळे होतात आणि सुखाने पेन्शनीत निघतात.

तिसऱ्या दिवशी चौधरीसाहेबांचं बोलावणं आलं. चौधरीसाहेब वाहन विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता हो. फक्त लेखी आदेशाशिवाय त्यांनी कधी शिंकसुद्धा काढली नव्हती.

"तोताराम, चारही चाकं का लावली?"

"चढ होता साहेब."

"शासनाच्या सगळ्या गाड्या दोन चाकांच्या जोरावर चालतात. तुम्ही जास्तीची दोन चाकं कुणाच्या परवानगीने झिजवली?"

"साहेब, ते गाडी तशीच हाये."

"गाडी कशीही असो, नियम तसाच आहे. आणि हवा सोडली म्हणजे काय? ती हवा शासकीय होती. गेली कुठे?"

"डोंगरात, साहेब."

"पोच घेतली?"

तोतारामकडे पोच नव्हती. तेव्हा दांड्याला लाखेचं सील ठोकण्यात आलं. दोन चाकांनी चढता येणार नाही इतका चढ उखळपाणीच्या रस्त्याला आहे, असा अभियंत्याचा दाखला आणला की सील निघेल, असं ठरलं. तोताराम अभियंत्याकडे गेला. अभियंत्याने नोंदवही काढली, बोट फिरवलं आणि वही मिटली.

"असा रस्ताच आमच्याकडे नाही. जो रस्ता नाही, त्याला चढ कुठून येणार?"

"अहो, मी चढून आलो ना!"

"मग तुम्ही बेकायदेशीर चढलात," अभियंता म्हणाला. तोताराम हात हलवत परत आला.

प्रश्न गंभीर झाला म्हटल्यावर सात जणांची चाचणी समिती नेमली गेली. समितीने प्रत्यक्ष उखळपाणीचा चढ पाहायचं ठरवलं. पण तिथवर समितीला नेणार कोण? तिथे जाऊ शकणारी गाडी जिल्ह्यात एकच, आणि ती तर चाचणीखाली. समिती दोन महिने विचारात बुडाली आणि आषाढात डोकं वर काढून तिने निर्णय दिला, की समितीला डोंगरापर्यंत नेणं शक्य नसल्याने डोंगरच समितीपर्यंत आणावा.

जळगाव हे परातीसारखं सपाट. तेव्हा दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मैदानात मुरूम पडू लागला. नकाशावर त्याचं नाव 'प्रतिकृती चढ क्रमांक एक'. एकच होता, तरी क्रमांक हवाच. चढ खडबडीत दिसावा म्हणून नशिराबादकडून दगड आणले, त्यांना चुना फासला आणि त्यांवर नंबर घातले. पावसात मुरूम वाहू लागला म्हणून चढावर डांबर टाकलं. मग डांबरावर दगड शोभेनात, म्हणून ते काढून कडेला बाग केली. पाहुण्यांची अँबॅसेडर वर जायला हवी म्हणून चढ निम्मा केला. मागची बाजू तेवढी निधीअभावी कच्ची, खडी आणि निसरडी राहिली.

सुमनबाई मीटिंगला आल्या की तोतारामला गाठत. "भाऊ, पाचवा लागना." मग, "सातवा लागना. बठ्ठा पाडा इचारी राह्यना, गाडी कव्हय येस? मी काय सांगू त्यास्ले?"

तोताराम साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, एका दिसासाठी सील काढा. मी बाईले खाली आनतो न् सील पुन्हा लावून देतो. माह्या पोटात अन्न जात नाही."

साहेब कळवळले. त्यांनी त्याला खुर्चीसुद्धा दिली. "अरे, तुझ्यासाठीच तर डोंगर होतोय. जरा धीर धर. बायका काय, हजारो वर्षं बाळंत होत आल्यात. त्यांच्यासाठी कधी समिती बसली होती का?"

दिवाळीच्या आधी उद्घाटन झालं. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बेडकी सील ठोकलेल्या दांड्यानिशी, फक्त मागच्या दोन चाकांवर, मजेत वर गेली. तिच्यामागून एक दूधवाला सायकलवर दोन कॅन लावून वर आला. समितीने एकमताने अहवाल दिला, की वाहन दोन चाकांवर चढत असल्याचे सिद्ध झाल्याने उर्वरित दोन चाकांच्या जोराची आवश्यकता नाही; सबब सील कायम ठेवावे. दूधवाल्याची नोंद कुठेच घेतली नाही, कारण तो निमंत्रित नव्हता.

जनतेला मात्र बेडकी भलतीच आवडली. दर रविवारी दहा ते बारा 'दुर्गमारोहण प्रात्यक्षिक' ठेवण्याचा आदेश निघाला. लोक पोराबाळांना घेऊन येत. भेळेच्या गाड्या लागल्या. पांढऱ्या कडक गणवेशातला तोताराम एकेका रविवारी वीसवीस वेळा वर जाई, आणि लोक टाळ्या पिटत. प्रत्येक टाळी त्याला कानाखाली बसल्यासारखी वाटे. मेल्याहून मेल्यासारखं होई बिचाऱ्याला, पण नोकरी होती.

कार्तिकातल्या एका रविवारी अकराच्या सुमाराला तो बेडकी घेऊन माथ्यावर उभा होता. खाली रस्त्यावर माणसांचा लोंढा. आणि त्या लोंढ्यात त्याला एक आडवा बांबू दिसला. बांबूला झोळी, दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं, पुढे पुना, आणि सगळ्यांच्या पुढे गर्दी हाताने सारत सुमनबाई. रात्रीपासून ताईबाई अडली होती. झोळीतून डोंगर उतरवला, पायथ्याशी केळीचा ट्रक मिळाला, शहरात मनाई म्हणून ट्रक नाक्यावर थांबला आणि तिथून पुन्हा झोळी. दवाखाना समोर दिसत होता. वाट तेवढी दिसत नव्हती.

"बाई अडेल शे! वाट द्या हो!" सुमनबाई ओरडत होत्या.

"ओ मामा, बांबू खाली घ्या ना!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पोराला गाडी दिसत नाहीये."

पुनाने वर पाहिलं. त्याला गाडी दिसली, गाडीवरचा माणूस दिसला. 

 तोताराम जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाना काढून त्याने सील फोडलं, दांडा ओढला आणि डांबरी चढ सोडून बेडकी मागच्या कच्च्या उतारावर घातली. चारही चाकांनी मुरूम धरला. ती घसरली नाही, आडवी झाली नाही, सरळ झोळीपाशी येऊन थांबली. ताईबाईला पत्र्याच्या खाटेवर घेतलं, आणि पब्लिक आपोआप पांगलं. कारण बाईला वाट न देणारी माणसंही चाकाखाली यायला तयार नसतात.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. सुमनबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या. पुनाने तोतारामचे दोन्ही हात धरले, आणि तोतारामला तोंड वर करवेना.

मंगळवारी तो निलंबित झाला. सील फोडणे, विनापरवाना उतरणे, आणि प्रात्यक्षिकासाठी राखीव वाहनात रुग्ण घालून त्याचा गैरवापर करणे.

"मी हे टाळलं असतं रे," चौधरीसाहेब खरोखर हळहळून म्हणाले. "पण वरून नाही, खालून दबाव आला. हा अर्ज बघ."

अर्ज नागरिकांचा होता. रविवारचा कार्यक्रम मध्येच बंद पडल्याने मुलांचा हिरमोड झाला, आम्ही लांबून रिक्षा करून आलो होतो, तरी संबंधित चालकावर कडक कारवाई व्हावी आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी आजारी माणसांना त्या रस्त्याने येण्यास मज्जाव करावा. खाली एक्कावन्न सह्या. अर्ज अजून फायलीत आहे, केव्हाही येऊन पाहा. वरून सातवी सही तुमची आहे. अक्षर छान आहे.