रंगूनवालीचं पाणी

“भात खाया?” हा आमच्या शेजारणीचा रामराम होता. सकाळी अंगणात दात घासायला उभं राहावं, तर कुंपणापलीकडून, “भात खाया?” दुपारी वाळवण उलटायला जावं, तर पुन्हा, “भात खाया?” एकदा मर्तिकाहून परतणाऱ्या चौघांना तिने हसतमुखाने हेच विचारलं, आणि ते चौघे एकमेकांकडे बघत मुकाट धक्क्यापर्यंत चालत गेले.

विचारून ती उत्तराला थांबत नसे. आपल्याकडे जेवलात का असं विचारणं म्हणजे पान वाढायची तयारी ठेवणं. टपालवाला गणपत त्या समजुतीने “न्हाय अजून” म्हणून तिच्या ओट्यावर टेकला. ती हसली आणि आत निघून गेली. गणपत बराच वेळ आतल्या भांड्यांचा कानोसा घेत बसला. मग उठून आमच्याकडे आला आणि म्हणाला, “वहिनी, ही बाय इचारते कशाला मग?” तिच्या मुलखात माणूस भेटलं की एवढंच विचारतात आणि “हो” म्हणून पुढे जातात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तुम्ही दोघं नातवंडं तिकडून पत्रात लिहिता की समोरच्या घरातली बाई रोज हात हलवते आणि दार लावून घेते. म्हणून ही बाई आठवली.

मी लग्न होऊन आगरदांड्याला आले त्याला दोनेक वर्षं झाली असतील. एकोणीसशे पंचवीस साल नुकतंच उलटलं होतं. तुमचे आजोबा शाळेत इंग्रजी शिकवत. आमचं घर बाजारातून धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळीच्या वाडीत होतं. शेजारची वाडी हसन सारंगाची. सारंग म्हणजे आगबोटीवरच्या खलाशांचा मुकादम. तो रंगूनच्या बोटीवर असे, आणि एका फेरीला तिथून बायको घेऊन आला. तिचं नाव मा म्या. निकाहात मरियम ठेवलं होतं, पण गावाने दोन्ही नावं बाजूला सारली आणि तिला रंगूनवाली केलं. हसनच्या घरच्यांनी त्याच्यासाठी मोहल्ल्यातली मुलगी पाहून ठेवली होती, त्यामुळे तिकडचं कोणी हिच्या दारात येत नसे. हसन चार दिवस राहिला, छप्पर शाकारलं, आणि बोटीवर निघून गेला. तो पुढे सहा-सहा महिने येत नसे.

गावात आलेल्या परक्या माणसाशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला इंग्रजी येत होतं. सासूबाईंचं म्हणणं असं की ज्याला साहेबाची भाषा येते त्याला बाकीच्या आपोआप येतात. मी कुंपणाशी जाऊन “गुड मॉर्निंग” म्हटलं. ती म्हणाली, “भात खाया?” आमची ओळख झाली ती अशी. तिला रंगूनच्या बाजारातलं मोडकं हिंदुस्थानी येत होतं आणि मला शाळेतल्या पाठापुरतं, तेवढ्यावर आम्ही पुष्कळ वर्षं काढली.

दिसायला ती बुटकी, गोल चेहऱ्याची. सकाळी सहाणेवर कसलंसं लाकूड उगाळून दोन्ही गालांना पांढरट लेप द्यायची आणि तो दिवसभर तसाच ठेवायची. केसांत फूल. तोंडात चिरूट, आणि तो साधासुधा नव्हे, अंगठ्याएवढा जाड. सासूबाईंना चिरूटापेक्षा गालांचा राग जास्त. “देवाचं गंध मेलं थोबाडाला फासते,” असं त्या म्हणत. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला हळूच विचारलं, “त्या लाकडाने घामोळं जातं का गं, बघ तिला विचारून.”

सासूबाई समोरून जात असल्या की मा म्या कमरेत पार वाकून, एक हात खाली सोडून, झपझप बाजूने जाई. सासूबाईंनी आठवडाभर हे पाहिलं आणि निदान केलं. “तिची कंबर धरलीय. एवढ्या लहान वयात. बोटीतल्या ओलीने झालं असेल.” त्यांनी निरगुडीचं तेल काढून बाटलीत भरलं आणि माझ्याकडून कुंपणावर ठेववलं. मा म्याने बाटली दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि आत नेली. दुसऱ्या दिवशी तिच्या केसांतून निरगुडीचा असा उग्र दर्प येत होता की फूल असून नसल्यासारखं. सासूबाई समोर आल्या. ती वाकली. “गुण नाही आला अजून,” सासूबाई म्हणाल्या आणि दुसरी बाटली भरायला घेतली. वडील माणसापुढून ताठ जायचं नाही अशी तिच्याकडची रीत आहे, हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी बाटलीला बूच लावून टाकलं. मग म्हणाल्या, “बघ, आणि तू इंग्रजी शिकलीस.”

पावसाळा सरल्यावर मा म्याने कोळणीकडून पाटीभर जवळा घेतला, मिठात घातला, उन्हात ठेवला, कुटला, पुन्हा ठेवला. त्यांच्याकडे ही चटणी प्रत्येक घासाला लागते म्हणे. वाडीतून जो वास सुटला तो मला वर्णन करता येणार नाही. चौथ्या दिवशी गोमाबाय कोळीण रिकामी पाटी काखेत मारून आमच्या पायरीशी आली.

“मास्तरीणबाय, तिला सांगा काय तरी. आमी जल्मलो मासल्यात, मरू मासल्यात. पन ह्यो वास आमच्यान सोसत न्हाय.”

“तुमचाच जवळा आहे ना तो?”

“जवला माजा हाय. वास माजा न्हाय.”

कोळीवाड्यातून वासाची तक्रार आलेली त्या किनाऱ्यावरची ती पहिलीच असावी. मी निरोप पोहोचवला. मा म्याने फार गंभीरपणे ऐकलं आणि गोमाबायला द्रोणभर चटणी भेट म्हणून दिली. गोमाबायने ती घेतली, कारण दिलेलं परत करणं तिला जमेना. तिच्या घरी ती कोणी खाल्ली का, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी जवळा तिने आपणहून आणून टाकला.

आता पाण्याचं सांगते.

आल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मा म्याने वाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, बांबूचा एक तिवईसारखा मांडव उभा केला. वर झावळ्यांचं टोपीएवढं छप्पर. त्यात मातीचा माठ, माठावर झाकण, झाकणावर करवंटीला दांडी लावून केलेली पळी. रोज पहाटे ती विहिरीचं पाणी गाळून माठ भरी. धक्क्यावर उतरलेली माणसं उन्हातून बाजाराकडे चालत जात, त्यांच्यासाठी हे. तिच्या गावात प्रत्येक घरापुढे असा माठ असतो. कोणी यावं, प्यावं, जावं.

कोणी प्यालं नाही. मोहल्ल्याचा रस्ता दुसरीकडून होता. या रस्त्याने जाणारे सगळे हिंदू, आणि ज्यांचं पाणी चालत नाही अशांच्या यादीत ती त्यांच्या लेखी दोनदा बसत होती, एकदा परदेशी म्हणून आणि एकदा मुसलमानाची बायको म्हणून. पण आपल्या किनाऱ्यावरचं माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. ती ओट्यावरून हाक मारी, “पानी पियो, पानी!” आणि घामाने निथळणारा माणूस थांबून म्हणे, “आत्ताच प्यालो, बाय.” कोणी म्हणे शहाळं घेतलं. कोणी म्हणे वैद्याने पाणी बंद केलंय. एकाने तर उपास सांगितला. तिने संध्याकाळी मला विचारलं, “इधर सब लोग बीमार है?”

मग तिने पाणी सुधारायला घेतलं. माठात वाळा टाकला. तहानेला वास नको म्हणून वाळा काढला. माठ बदलला, झाकण बदललं, पळी लहान केली, मग मोठी केली. सावली कमी पडत असेल म्हणून छप्पर वाढवलं. दर बदलानंतर ती ओट्यावर चिरूट ओढत मोठ्या आशेने रस्त्याकडे बघत बसे. संध्याकाळी भरलेला माठ झाडांना ओतून टाकी.

मी प्याले का, हे तुम्ही विचारणारच. प्याले, आणि तुमचे आजोबाही प्याले, भर रस्त्यात, दहा माणसांदेखत. सासूबाईंनी त्या दिवशी आमची पानं वेगळी वाढली, पण वाढली. मा म्याला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. “तुम बगल का है,” ती म्हणाली. “बगलवाला पिया तो क्या पिया. रस्तेवाला पीना चाहिए.”

मी एकदा तिला समजावून सांगायचं ठरवलं. म्हटलं, आमच्याकडे लोक दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत.

“घर का नहीं,” ती लगेच म्हणाली. “घर का पानी अंदर है. ये रस्ते का है.”

तिने चिरूट विझवला आणि सांगितलं की तिच्या आईच्या दारातही माठ होता. पिणारा थांबतो. थांबला की बोलतो, कुठून आलो, कुठे चाललो, वाटेत काय झालं. आई आत विणत बसलेली असायची आणि तिला घरबसल्या नदीकाठच्या सगळ्या गावांची खबर असायची. “इधर कोई रुकता नहीं,” मा म्या म्हणाली. “सब चलता है. चलता आदमी क्या बोलेगा.”

दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस मला दिसलं की संध्याकाळी माठ अर्धा झाला आहे. मला वाटलं गळत असेल. दुसऱ्या दिवशीही अर्धा. तिसऱ्या दिवशीही. मी आनंदाने मा म्याला विचारलं, “कोणी पितं की काय?” ती नुसती हसली.

त्याच सुमारास सासूबाई दिवसातून दोन अंघोळी करू लागल्या. सकाळची नेहमीची होतीच. दुसरी दुपारी, सगळं गाव पडलेलं असताना. “उकडतं,” एवढंच त्या म्हणत. आमच्या घरात पाण्याच्या हंड्यांचा, सरपणाचा, सगळ्याचा हिशेब माझ्याकडे. मला ते चैन पडू देईना. एके दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं आणि खिडकीतून पाहत राहिले.

सासूबाई डोक्यावर पदर घेऊन मागच्या दाराने निघाल्या, रस्त्याला वळसा घालून माठापाशी आल्या. इकडे तिकडे पाहिलं. झाकण काढलं, पळीने पाणी घेतलं आणि माठाच्या पायाशी असलेल्या मोगऱ्याच्या रोपाला घातलं. एक पळी, दुसरी, तिसरी, माठ अर्धा होईपर्यंत. सगळा वेळ त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. मग झाकण लावून घरी आल्या आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

त्यांनीच माझ्या तोंडाकडे पाहून सांगितलं, “रोप सुकत होतं. त्यात काय एवढं बघायचंय?”

पुढे वैशाखात सासूबाईंना हिवताप भरला. आठ-दहा दिवस त्या अंथरुणाला खिळल्या. मी औषधपाण्यात बुडालेली. शेजारी काय चाललंय ते पाहायलाही फुरसत नव्हती. एका दुपारी अंगणात आले तर मा म्या स्वतः माठाशी उभी, पळीने मोगऱ्याला पाणी घालत होती. संध्याकाळची वाट न बघता, त्याच वेळेला.

मला पाहून म्हणाली, “अम्मा का झाड है. अम्मा अच्छा होगा, तब सूखा हुआ नहीं देखना.”

“तुला माहीत होतं?”

“पहले दिन से.” दुपारीही ती लाकूड उगाळायला बसे, आणि तिची सहाण खिडकीखालीच होती, तिथून माठ तीन हातांवर. “पहले दिन झाड नहीं था. अम्मा ने पानी खाली मिट्टी पर डाला. इधर उधर देखा, बहुत शरम आया. तो मैंने दूसरे दिन मोगरा लगाया. झाड है, तो अम्मा आ सकता है.”

तिने पळी झाकणावर नीट ठेवली.

“अम्मा पीता नहीं. नहीं पीना. लेकिन अम्मा रुकता है,” ती म्हणाली. “और बोलता है. मंदिर गया था, बोलता है. धूप बहुत है. बहू ने दाल में नमक ज्यादा डाला. मैं अंदर से सब सुनता है. मेरे को पूरा गाँव का मालूम.”

मग तिने मला विचारलं, ताप उतरला का, काढा कोणता देता, रात्री झोप लागते का. सगळं विचारून झाल्यावर ती माझ्यापुढूनही कमरेत वाकून घरात गेली. मी तिच्याहून लहान होते.

सासूबाई उठत्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दुपारी, मी नको नको म्हणत असताना, काठी टेकत बाहेर पडल्या. मी खिडकीशी उभी राहिले. पळी उचलण्याआधी त्यांनी काठी मांडवाला टेकवून ठेवली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मा म्याच्या खिडकीकडे त्यांची पाठ होती, आणि आतून सहाणेवर लाकूड उगाळल्याचा आवाज येत होता.

“आठ दिवस नुसती पेज,” सासूबाई मोगऱ्याला म्हणाल्या. “तोंडाची चव गेलीय. सून रात्रभर उशाशी बसायची, पण मेली औषध कडू देते. परवा तर मला वाटलं, आता काही उठत नाही मी.”

उगाळण्याचा आवाज थांबला.

सासूबाईंनी दुसरी पळी घेतली आणि ताप कसा चढला, कसा उतरला, कोण कोण बघून गेलं, ते पहिल्यापासून सांगायला लागल्या. रोपटं अगदी पायाशी होतं. त्याच्यासाठी एवढ्या मोठ्याने बोलायची काही गरज नव्हती.