पोह्यांना पिवळी चिठ्ठी

दुपारचे अडीच वाजले होते. माझी लेक दुर्वा झोपली होती, लाइट गेल्यामुळे पंखाही गप्प होता. अशा वेळी स्वयंपाकघरातून ‘ठप्प’ असा आवाज आला. तो शिक्क्याचा होता. माझ्या पोह्यांच्या वाटीला पिवळी चिठ्ठी लागली होती.

पद्धत सांगते. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे निर्णय प्रलंबित, तोवर हात लावू नये. माझे सासरे अण्णा आमच्या या हिंदीभाषक शहरातल्याच संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होते. त्यांच्या टेबलावरून एकही खराब नग पुढे गेला नाही, हे निरोपसमारंभात दोनदा सांगण्यात आलं. दुसऱ्यांदा ते अण्णांनीच सांगितलं.

निवृत्तीनंतर चार वर्षं त्यांच्याकडे तपासायला काही नव्हतं. मग मला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं निघालं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या नसांवरचं आवरण परकं समजून कुरतडते, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. अण्णांनी चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, “तो फिर इन्स्पेक्शनवाले क्या कर रहे थे?”

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला. “बहू खाए क्या?”

“सब कुछ, अंकलजी. दाल, सब्जी, फल, दही. नमक और तला हुआ कम, पानी ठीक से. विटामिन डी की गोली लिख दी है. जादूवाली कोई डाइट नहीं है.”

परतताना महाराजपूरच्या वळणावर रिक्षा आली तेव्हा अण्णा म्हणाले, “प्रणोती, ‘सब कुछ’ हे काही मानक नाही. मानकच नाही तर माल पास कसा करायचा?”

सबब, मानक मागवण्यात आलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर अण्णांनी सूचना टाकली आणि दोन दिवसांत एकेचाळीस उत्तरं आली. आजार काय आहे, हे त्यांतल्या तिघांनी विचारलं होतं. विभावरीकाकूंनी गहू बंद करायला सांगितला, कारण त्यांच्या नणंदेच्या शेजारणीचे गुडघे त्याने बरे झाले होते. सिद्धेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बँकेतल्या एका मॅडमनी दूध बंद करायला सांगितलं. ग्वारीघाटावरच्या पंडितजींनी दुधाखेरीज सगळं बंद करायला सांगितलं. एकाने जमिनीखाली उगवणारं वर्ज्य ठरवलं, दुसऱ्याने जमिनीवर उगवणारं.

मी म्हटलं, “अण्णा, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे.”

“आहे ना. त्याचाही नियम आहे. दोन मानकांत विरोध असला की जे कडक असेल ते लागू.”

“इथं दोन्ही कडक आहेत.”

“तर मग दोन्ही लागू,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक वर्षांनी उभारी आली होती.

पंधरा दिवसांत मंजूर यादीत उकडलेला दुधी आणि कोमट पाणी एवढंच उरलं. पाण्यालाही दोन दिवस पिवळी चिठ्ठी होती. भांडं तांब्याचं की चांदीचं, यावर मतभेद होते.

मी सिद्धेशकडे तक्रार केली. तो बँकेत आहे, त्याला प्रक्रियेबद्दल आदर आहे. “अण्णांचं मन रमून राहिलं आहे ना, राहू दे,” तो म्हणाला. त्याच्या मिशीला समोशाचा चुरा लागला होता.

एकदा मी चोरून मुगाचा शिरा केला. अण्णांनी तो पकडला, पण फेकला नाही, नमुना-तपासणीला घेतला. मोठ्या मालातून थोडे नमुने काढतात, लहान माल मात्र शंभर टक्के तपासावा लागतो. वाटीभर शिरा हा लहान माल होता. अण्णांनी तो शंभर टक्के तपासला, तळ चमच्याने खरवडून तपासला आणि अहवाल दिला, “वेलदोडा कमी आहे. नापास.”

दीड महिन्यात माझं वजन तीन किलो घटलं, अण्णांचं चार किलो वाढलं. एका किलोचा हिशेब लागत नाही, तो तपासाधीन आहे.

एवढंही मी सोसलं असतं. आजाराच्या पहिल्या झटक्यात माझा उजवा हात महिनाभर बधिर होता, चमचा तोंडाऐवजी गालाकडे जायचा. तेव्हापासून दुर्वा आपल्या ताटातला पहिला घास मला भरवते आणि मगच जेवते. हात परत आला, घास सुटला नाही. भातात वरण जास्त, बोटं चिकट, अर्धं माझ्या हनुवटीवर. दिवसभरात मला चव लागायची ती त्या एका घासाला.

अण्णांच्या ते लक्षात आलं. “हा माल कुठून येऊन राहिला?”

“दुर्वाच्या ताटातून.”

“नोंद नाही त्याची.”

दुर्वा रडायला लागली. नातीचं रडणं अण्णांना सोसत नाही, म्हणून त्यांनी तिला बढती दिली. तिला तीन रंगांच्या चिठ्ठ्या मिळाल्या, जुना शिक्का मिळाला आणि साहाय्यक तपासनीस हे पद. त्यांनी तिला मूळ नियमही शिकवला: चिठ्ठी लावण्याआधी विचारायचं, ही वस्तू कशी असायला पाहिजे? ते कळलं, की मग बघायचं, आहे कशी.

त्या दिवसापासून घास बंद झाला. माझी लेक माझ्यासमोर बसून आपल्याच भाताला पिवळी चिठ्ठी लावायची आणि म्हणायची, “मम्मा, रुक. अभी चेक नहीं हुआ.”

मी अण्णांकडे गेले. “अण्णा, मला भूक लागते हो.”

“लिहून दे,” अण्णा सवयीने म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. “पोरी, नग खराब निघाला की आम्ही मागं मागं जात होतो. कोणती भट्टी, कोणती पाळी, कोणता माणूस. सापडायचंच. तुझ्या या आजाराचं काहून सापडून नाही राहिलं? काही तरी बंद केल्याने थांबत असंन ना हे.”

मी लिहून दिलं नाही. दुधी खाल्ला.

परवा दुर्वाचा पाचवा वाढदिवस झाला. खोव्याची जलेबी आणली होती. पाहुणे आले, आणि प्रत्येक जण रिकाम्या हाताने नाही तर एकेक उपाय घेऊन आला. गर्दी सांभाळायला अण्णांनी दाराशी बुटाच्या खोक्याची सूचनापेटी ठेवली होती. ती अजून तिथंच आहे. हे वाचताना तुमच्याही मनात काही तरी येऊन गेलं असेल, कोणाला तरी गुण आल्याचं ऐकलेलं. टाका पेटीत. कडक असेल तर लागू होईल.

दुर्वाने जलेबीचा पहिला तुकडा मोडला आणि सरळ माझ्याकडे आली. पाक तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. मी तोंड उघडलं. हात वाटेत थांबला, तिने अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी मान खिडकीकडे फिरवली. छत्तीस अधिक चार वर्षांत पहिल्यांदाच एक नग ते न तपासता पुढे सोडत होते. मला ते कळलं. दुर्वाला कळलं नाही.

“पण अण्णा,” ती म्हणाली, “जलेबी तर चांगली आहे. मी खाऊन पाहिली. आईलाच नाही ना चेक केलं कोणी.”

पाहुण्यांच्या वाट्यांतले चमचे थांबले. विभावरीकाकू कौतुकाने म्हणाल्या, “किती हुशार आहे.”

दुर्वाने तुकडा बशीत ठेवला, चिकट बोटं फ्रॉकला पुसली आणि खिशातून तीन चिठ्ठ्या काढल्या. हिरवी, पिवळी, लाल. माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. माझा उजवा हात उचलून पाहिला, खाली ठेवला. मग शिकवल्याप्रमाणे, अगदी गंभीरपणे तिने विचारलं,

“आई, तू कशी असायला पाहिजे?”