उदयसिंहांची गढीवरील पायदळ मोहीम

श्रीअंबाबाईचे कृपेने आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे पुण्याईने ज्यांची काया वर्षागणिक विस्तार पावली, ते करवीर नगरीचे हार्डवेअर दुकानदार, अखंडित-बुलेटारूढ राजमान्य राजश्री उदयसिंह यांणी आपले उभय चरणांनी जी मोहीम केली, तिची ही हकीकत. लिहिणार दत्तप्रसाद, पतसंस्थेतील निवृत्त कारकून, खाशांचा, म्हणजे उदयसिंहांचा, बाळमित्र. जे डोळां देखिले ते लिहिले, जे न देखिले तेही लिहिले, आणि जेथे आमची स्वतःची फजिती जाहली तेथेही लेखणी आखडली नाही, कारण तेथे आखडती तर कागद कोराच राहता.

मोहिमेचे मूळ कारण ऐसें. खाशांचे रक्तात साखरेने बंड केले. डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की रोज चालणे. खाशांनी फर्मान मस्तकी धरिले आणि दुसरे दिवसापासून रंकाळ्यास चालावयास जाऊ लागले, ते बुलेटवर बसून. मग तलावास एक फेरी मारावी, तीही बुलेटवर, आणि मग भेळ खाऊन घरी येऊन "चालून आलो बरं का" ऐसे वर्तमान द्यावे. मागले सीटावर आम्ही होतो, आम्हीही थकून येत होतो. या मुलखाचा रिवाजच तो. चार घरांपलीकडे दही आणावयाचे तरी किक मारल्याविना पाऊल उचलत नाही, आणि जो उचलतो त्याचे घरी काही बरेवाईट जाहले की काय म्हणोन लोक चौकशीस येतात.

पुढे रक्त तपासले तो साखर दुप्पट जोमाने उसळलेली. तेव्हां सौभाग्यवती संयोगिता वहिनीसाहेब यांणी बुलेटीची किल्ली जप्त करून पदरास बांधिली आणि हुकूम सोडला तो येणेप्रमाणे: राधानगरीचे वाटेवर नदीकाठी जी जुनी गढी आहे तेथवर पायी जाणे व पायी परत येणे. दरम्यान कोणत्याही चाकावर बूड टेकल्यास बुलेट वहिनीसाहेबांचे बंधू मुरगूडकर अमरसिंह यांचे स्वाधीन होईल. अमरसिंहांनी त्याच सांजेस गोठ्यातील म्हैस हलवून जागा झाडून ठेविली, ऐसे जासुदाकडून कळले.

ती बुलेट म्हणजे काही लोखंड नव्हे. खाशांचे तीर्थरूप आबासाहेब यांची ती. लहानपणी खाशांस पेट्रोलचे टाकीवर बसवून आबासाहेब पंचगंगेचे घाटावर नेत, आणि आजही ती टाकी पुसताना खासे कोणाशी बोलत नाहीत. सबब खाशांनी तहाची बोलणी लाविली, गयावया केली. त्यावर वहिनीसाहेब बोलिल्या, "गाडी काय, दुसरी घेता येतीय. दुसरे तुम्ही मी कुठनं आणू?" हे ऐकोन खाशांचे डोळां पाणी आले. ते वहिनीसाहेबांकरिता की बुलेटीकरिता, याचा उलगडा आजतागायत जाहला नाही.

मग रविवारी प्रातःकाळी कूच जाहले. गढीअलीकडील गावाचे बंधाऱ्यापर्यंत वाहनाची मुभा होती, म्हणोन वहिनीसाहेबांनी किल्ली तेवढ्यापुरती बहाल केली. उभयता बुलेटवर निघाली आणि आम्ही एसटीने. वाटेत पेट्रोलपंप लागला. टाकीतील पेट्रोल तळास गेलेले, तरी खाशांनी गाडी थांबविली नाही. मनी ऐसी मसलत की, गाडी जर जाणारच आहे, तर मेव्हण्यास भरली टाकी का म्हणून द्यावी? ही मसलत त्यांणी वहिनीसाहेबांपासून चोरून ठेविली आणि पुढे भेट होताच आमचे कानी घातली, आणि आम्हीही "वा, वा" म्हटले. आमचा सल्ला जेथे जेथे लाभला तेथे तेथे पुढे काय जाहले ते वाचणारास कळेलच.

गावाचे नाव लिहीत नाही, लिहिले तर गावकरी पुन्हा चहास बोलावितील. बंधाऱ्याशी बुलेट उभी केली, किल्ली पुन्हा पदरास गेली. तेथे एक पाटी होती: "सोपी वाट. लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी." खाशांनी ती वाचून दीर्घ श्वास घेतला, टोपी नीट केली, आणि ज्या नजरेने सरदार घाटाकडे पाहतात त्या नजरेने सपाट रस्त्याकडे पाहिले. आम्ही पाठीवर रसद घेतली, म्हणजे भडंगाची पिशवी. वहिनीसाहेब पायांत बूट चढवून पुढे निघाल्या, त्या नजरेच्या टप्प्यात राहिल्या एवढेच त्यांचे उपकार.

डावे हातास भोगावती संथ वाहते, उजवे हातास ऊस, पुढे जांभळांची व करंजांची दाट राई. ऐसा रम्य मुलूख, आणि शत्रू म्हणोन कोणी नाही. परंतु शत्रू मायाळू असला म्हणजे त्याशी लढणे महाकठीण. एक दूधटेंपो करकचून थांबला आणि आतून पुकारा जाहला, "पावणं, प्याट्रोल संपलं व्हय? बसा की!" खाशांनी नकार दिला. मग ट्रॅक्टर थांबला. मग दोन मोटरसायकली थांबल्या. "आवो, चालत कशापायी? आमी मेलोय काय?" ऐसे प्रेमाचे वार चहूंकडून पडू लागले. आम्ही फक्त चालायला आलोय ऐसे खाशांनी सांगितले, ते कोणास खरे वाटेना. एकाने तर खाली उतरून खाशांचे बखोटीस धरिले. नाही म्हणावे तर माणूस दुखावतो, हो म्हणावे तर बुलेट जाते. आमचेवर वहिनीसाहेबांचा हुकूम लागू नव्हता, सबब आम्ही पुढील वाटेची टेहळणी करण्याचे निमित्ते टेंपोत चढलो आणि राईचे तोंडाशी उतरून फौजेची वाट पाहत भडंग खात बसलो. दूधवाल्याने आमचे फार कौतुक केले.

राईचे तोंडाशी धोंडुबाई म्हणोन एक वृद्धा म्हशी राखीत होती. खासे घामाने निथळत पोहोचले, ते पाहून तिने लागलीच मोबाईल काढून लेकास हुकूम केला की गाडी घेऊन ये, पावण्याचं काय खरं न्हाय. खाशांचे तोंडचे पाणी पळाले. तेव्हां आमची बुद्धी प्रज्वलित जाहली आणि आम्ही पुढे होऊन सांगितले की मावशी, यांचा जोतिबाचा नवस आहे, गढीवर जाऊन येईपर्यंत चाकावर बसायचे नाही. काय सांगावे! म्हातारीने पदर सावरून खाशांस हात जोडिले आणि फोनात ओरडली, "आरं नगं आनू गाडी! नवसाचा मानूस हाय त्यो! साऱ्या गावास्नी सांग, वाटंत कुणी आडवू नगा!" तिचे लेकाने ते तत्काळ गावचे व्हॉट्सअॅप ग्रुपवर धाडिले, आणि तेथून ते मुरगुडापावेतो गेले. मसलत फत्ते जाहली म्हणोन आम्ही स्वतःची पाठ स्वतः थोपटली.

राईतून गढी गाठली. दोन बुरूज ढासळलेले, एक भिंत उभी, तीवर पिंपळ, दरवाजाचे जागी बोरीचे झुडूप. आम्ही तेथे इतिहासावर व्याख्यान दिले, कोण सरदार कोठे बसत असे ते हात करून दाखविले. त्यातील एकही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. वहिनीसाहेब नदी पाहत होत्या आणि खासे घोरत होते. जागे जाहले तेव्हां बुरुजाचे दगडास हात लावून बोलिले, "दत्ता, आबा मला इकडं आणणार होते रे. राहूनच गेलं." मग उरलेले भडंग तिघांनी वाटून खाल्ले.

परतीस खरा प्रसंग गुदरला. राई ओलांडून रस्ता लागला तो खाशांचा गुडघा फितूर जाहला. बंधारा समोर दिसतो, पाय उचलत नाही. इतक्यात मागून एक रिकामी जीप आली, मऊ गाद्यांच्या सीटांची. खाशांनी पुढे पाहिले. वहिनीसाहेब पाठमोऱ्या आहेत ऐसे वाटून त्यांणी हळूच हात वर केला. होय, केला. बखरकाराने मित्र म्हणोन झाकावे, परंतु शेजारी आमचाही हात वर होता. जीपवाल्याने वेग कमी केला, दोन्ही हात सोडून नमस्कार घातला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणोन गर्जला आणि धुरळा उडवीत निघून गेला. मागाहून ट्रॅक्टर आला, तोही चांगभलं करून गेला. मघा बखोटीस धरणारा आता पाया पडून गेला. मग काय करितात? आई गं, आई गं करीत खासे चालिले आणि बंधाऱ्यास हात टेकिला.

वहिनीसाहेबांनी पदराची गाठ सोडिली. "हात वर केलेला दिसला मला," ऐसे बोलिल्या, आणि खाशांची मान खाली गेली. "पण बसला नाहीत. हे घ्या." किल्ली हाती आली. खाशांनी टाकीवरून हात फिरविला, किक मारिली, पुन्हा मारिली, आणि मग त्यांणी आमचेकडे पाहिले आणि आम्ही नदीकडे पाहिले. पेट्रोल संपले होते.

पंप तेथून दूर. खाशांनी हँडल धरिले, आम्ही मागून रेटा दिला, आणि वहिनीसाहेब सर्व वृत्तांत कळताच तडक सीटावर जाऊन बसल्या, हत्तीवरील अंबारीत बसावे तैशा. येणारा जाणारा थांबेना. आम्ही ओरडून सांगितले की आता खरोखर पेट्रोल संपले आहे, तो उत्तर आले, "व्हय व्हय, चालू द्या, द्येव बघतोय!"

थांबला तो एकच टेंपो, आणि त्यातून दोरखंड घेऊन उतरले दस्तुरखुद्द अमरसिंह. नवसाची बातमी वाचून, दाजी वाटेत हरणारच हे धरून, आपली वस्तू न्यावयास आले होते. म्हणाले, "दाजी, गुडघा बघा की तुमचा. चढवा गाडी टेंपोत, तुमी बी बसा. पैज तर झाली, आता कोण बघतंय?" वहिनीसाहेबही हळू आवाजात बोलिल्या, "बसा आता. झालं की. माझं काही म्हणणं नाही." आम्ही तर एक पाय टेंपोत ठेविलाच होता.

खाशांनी टेंपोकडे पाहिले, दोरखंडाकडे पाहिले, आणि बोलिले, "पावणं, तुमच्या टेंपोत ही गाडी चढायची न्हाय. मी चालतोय." ऐसे म्हणोन हँडल घट्ट धरिले आणि फितूर गुडघा पुढे टाकिला. तेव्हां वहिनीसाहेब अंबारीतून खाली उतरल्या, पदर खोचिला आणि खाशांचे बाजूस हँडलास हात लाविला. आम्हीही टेंपोतील पाय काढून घेतला, लाजेने म्हणा की कसेही म्हणा. मागे अमरसिंह टेंपो हळू हळू चालवीत आले, ते पंपापावेतो.

येणेप्रमाणे करवीर प्रांतीचे खासे उदयसिंह यांणी लहान मुलांचे वाटेवर लढाई मारिली, परतताना त्याहून मोठी मारिली, चाकावर बसले नाहीत, आणि पंपावर पोहोचून घामाघूम अवस्थेत, मेव्हण्याचे देखत, भरसभेत हुकूम केला तो एकच: "टाकी फुल्ल कर."